ट्रॅक्टरच्या नांगराची पातळी व खोली

रब्बीचें पीक निघून खळीं मोकळीं झालीं म्हणजे उन्हाळी नांगरटीची घाई सुरू होते. ज्यांच्या घरीं स्वतःचा ट्रॅक्टर आहे ते आणि जे भाड्यानें नांगरून घेतात ते, या दोघांचीही अशी समजूत दिसते कीं, नांगर जोडला, दांडी खालीं केली व ट्रॅक्टर चालूं लागला म्हणजे नांगरट झाली. ती कशी झाली हें पाहण्याचें काम पावसावर सोपविलें जातें. मग आषाढांत शेतांत पाण्याचे लांब लांब पट्टे उभे राहतात, सोयाबीन किंवा तूर त्या पट्ट्यांत पिवळी पडते आणि दोष पावसाच्या माथीं बसतो. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अतिवृष्टीच्या पंचनाम्यांसाठीं मला पुष्कळ शेतें पाहावीं लागलीं. सगळ्या शेतभर सारखें बुडालेलें पीक वेगळें दिसतें आणि ठराविक अंतरानें सरळ रेघांत बुडालेलें पीक वेगळें दिसतें. या दुसऱ्या प्रकारांत पावसाच्या बरोबरीनें नांगराचाही वाटा असतो.

ट्रॅक्टरमागें जोडावयाच्या फाळाच्या नांगराची पातळी कशी साधावी, एवढाच विषय प्रस्तुत लेखांत घेतला आहे. आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतों, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. नांगराची पातळी आणि नांगराची खोली या दोन भिन्न बाबी आहेत. पातळी आट्यांनीं साधावयाची असते व ती काम सुरू होण्यापूर्वीं. खोली हायड्रॉलिकच्या दांडीनें ठरवावयाची असते व ती काम चालू असतां. खोली कमी पडते म्हणून जो चालक आटे फिरवूं लागतो, तो पातळी बिघडवितो आणि खोलीही त्याच्या हातीं लागत नाहीं.

बैलांच्या नांगरांत ही अडचण फारशी नव्हती. नांगऱ्या नांगरामागून चालत असे, रुमणें त्याच्या मुठींत असे, आणि फाळ जरा एका अंगास कलला कीं तें त्याच्या मनगटास तत्काळ कळत असे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल कीं काय अशी शंका पुष्कळांस आली होती असें सांगतात. ती शंका पुढें फिटली व तो नांगर घरोघर गेला. परंतु त्याच्याही मागें माणूस चालतच होता. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाची पाठ नांगराकडे असते. त्याच्या हातांत चाकाचें सुकाणूं असतें, नांगर नव्हे. मागें काय चाललें आहे हें त्यास मान वळवूनच पाहावें लागतें, आणि दिवसभर मान वळवून बसणारा चालक विरळा. म्हणून पूर्वीं जें काम मनगट करीत असे तें आतां आधीं मोजून करून ठेवावें लागतें.

हल्लीं आपल्याकडे सर्वत्र दिसणारी तीन सांध्यांची जोडणी हॅरी फर्ग्युसन या आयरिश गृहस्थानें प्रचारांत आणली. ती बसविलेले त्याचे ट्रॅक्टर १९३६ सालीं विक्रीस आले, आणि १९३९ सालीं फोर्डच्या ट्रॅक्टरवरही ती आली. तिची रचना समजून घेतल्यावांचून पुढील सूचना ध्यानांत यावयाच्या नाहींत. ट्रॅक्टरच्या मागें खालच्या अंगास दोन हात असतात. चालक त्यांस लोअर लिंक म्हणतात. वर मध्यभागीं एक आखूड-लांब होणारा गज असतो, ती टॉप लिंक. खालचे हात उचलून धरणारे दोन उभे गज असतात व त्यांपैकीं उजव्या गजावर फिरविण्याची मूठ असते. ही मूठ फिरविली कीं उजवा हात डाव्याच्या मानानें वर किंवा खालीं होतो आणि नांगर आडवा कलतो. टॉप लिंक आखूड केली तर नांगराचें नाक खालीं झुकतें व शेपूट उचलतें. लांब केली तर उलट होतें.

पातळी चुकल्यानें काय बिघडतें तें हिशेबानें पाहूं. बारा इंची तीन फाळांचा नांगर घ्या. एका फेरींत तो ३६ इंच जमीन उलटवितो. तो २४ इंचांत २ इंच इतकाच आडवा कललेला असला, तर मधला फाळ ८ इंच खोल जातांना एका अंगाचा ९ इंच व दुसऱ्या अंगाचा ७ इंच जातो. वरून पाहणाऱ्यास यांत कांहीं वावगें दिसत नाहीं, कारण ढेकळांनीं सगळें झांकलेलें असतें. परंतु खालीं, कठीण तळावर, दर फेरीच्या सांध्याशीं ३ इंचांची पायरी पडते. दर तीन फुटांवर एक पायरी, अशी सबंध शेतभर. काळ्या जमिनींत पाणी मुरून त्या तळावर आलें कीं पायरीच्या खोलगट अंगास साठतें. शिवाय गरजेपेक्षां एक इंच अधिक खोल नांगरणें म्हणजे काय, हेंही ध्यानांत असूं द्यावें. एका एकरांत ४३,५६० चौरस फूट. एक इंच थराची माती ३,६३० घनफूट भरते व तिचें वजन शंभर टनांहून अधिक होतें. एवढी माती उचलण्याचें डिझेल मालकाच्याच खिशांतून जातें.

मोजणीदार शेत मोजण्यापूर्वीं आपली साखळी तपासतो. तसें येथें प्रथम चाकें तपासावीं. मागच्या दोन्ही चाकांतील हवा समान नसेल तर ट्रॅक्टरच कललेला असतो, आणि त्याच्या आधारानें साधलेली पातळी खोटी ठरते. हवा मापकानें मोजावी. तें जवळ नसल्यास सपाट जागीं उभें करून प्रत्येक मागच्या चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजलें तरी फरक कळतो. जागा मात्र खरोखर सपाट हवी. धान्य वाळविण्याचा सिमेंटचा ओटा चांगला. खळें असेल तर गवंड्याची पाणसळ एका लांब फळीवर ठेवून चारही अंगांनीं पाहून घ्यावें. डोळ्यास सपाट वाटलेलें खळें बहुधा पाणी काढण्यासाठीं उतारावरच केलेलें असतें.

त्यानंतर फाळांकडे पाहावें. पहिल्या फाळाच्या टोंकापासून शेवटच्या फाळाच्या टोंकापर्यंत दोरी ताणली असतां मधल्या फाळाचें टोंक दोरीस लागलें पाहिजे. तें आंत-बाहेर असेल तर नांगराची दांडी वांकली आहे किंवा एक फाळ नवा व दुसरा झिजलेला आहे असें समजावें. असा नांगर कोणत्याही आट्यानें पातळींत यावयाचा नाहीं. आधीं लोहाराकडे जावें. नव्या फाळाचें नाक तासाच्या भिंतीस घांसणाऱ्या कडेच्या पट्टीच्या मानानें सुमारें ३ ते ५ मिलिमीटर खालीं झुकलेलें असतें. या झुकावामुळें नांगर जमिनींत शिरतो. झिजून हें नाक बोथट झालें म्हणजे नांगर वरच्या वर सरकतो, आणि मग चालक टॉप लिंक आवळूं लागतो. रोग फाळाचा आणि औषध टॉप लिंकेला, असा हा प्रकार आहे.

आतां आडवी पातळी. एकाच अंगास, म्हणजे उजवीकडे, माती टाकणारा नांगर चालतांना ट्रॅक्टरचीं उजवीं चाकें आधींच्या तासांत चालतात व डावीं न नांगरलेल्या जमिनीवर. अर्थात् कामाच्या वेळीं ट्रॅक्टर उजवीकडे कललेला असतो. नांगर मात्र जमिनीशीं समांतर राहिला पाहिजे. म्हणून ओट्यावर पातळी साधतांना तोच कल मुद्दाम द्यावयाचा असतो. आठ इंच खोल नांगरावयाचें असल्यास डाव्या बाजूच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही चाकांखालीं सात इंच जाडीच्या बाभळीच्या फळ्या रचाव्या. एक इंच कमी याचें कारण, डावें चाक मोकळ्या जमिनींत थोडें रुततें. फळ्यांस चढण ठेवून ट्रॅक्टर सावकाश वर घ्यावा, हातब्रेक ओढावा, इंजिन बंद करावें व चाकांस दगड लावावे. नांगर ओट्यावर टेकवून उजव्या गजाची मूठ अशी फिरवावी कीं, सर्व फाळ ओट्यास सारखे टेकतील. पाणसळ नांगराच्या आडव्या चौकटीवर ठेवून खात्री करून घ्यावी. नांगर उचललेल्या स्थितींत त्याच्याखालीं हात किंवा पाय कदापि घालूं नये. हायड्रॉलिकवर टांगलेला नांगर केव्हांही खालीं बसूं शकतो. खालून कांहीं पाहावयाचेंच झालें तर आधीं भक्कम ओंडका द्यावा.

यानंतरच टॉप लिंकेस हात लावावा. हा क्रम उलटा करूं नये, कारण आडवा कललेला नांगर मागून पुढें समपातळींत आहे कीं नाहीं हें समजतच नाहीं. फाळांचीं टोंकें टेकलेलीं असतां सर्वांत मागच्या फाळाच्या कडेच्या पट्टीची टांच ओट्यास नुसती स्पर्श करील इतकी टॉप लिंक ठेवावी. टांच वर राहिली तर लिंक आखूड आहे. टांच टेकून टोंकें उचलत असतील तर ती लांब आहे. एवढें झालें म्हणजे ओट्यावरचें काम संपलें. यास सराव नसला तरी अर्धा-पाऊण तास पुरतो. बाजूच्या साखळ्यांस थोडी ढील असूं द्यावी. नांगर कामांत किंचित डावा-उजवा हलला पाहिजे, पण उचलल्यावर चाकास घांसतां कामा नये.

शेतांत उतरल्यावर पहिल्या फेरीवरून परीक्षा करण्याची घाई करूं नये. पहिल्या फेरीस उजव्या चाकांना तास मिळालेलें नसतें, म्हणून पुढचा फाळ उथळ व मागचा खोल जाणारच. तसें जाणें इष्टही आहे, कारण मागच्या फाळानें पाडलेल्या तासांतूनच पुढच्या फेरीचें उजवें चाक जावयाचें असतें. तिसऱ्या-चौथ्या फेरीस ट्रॅक्टर शेताच्या मध्यावर थांबवावा, नांगर उचलून थोडा पुढें न्यावा व मागें राहिलेल्या भागांतील माती फावड्यानें काढून कठीण तळ सबंध रुंदीभर उघडा करावा. त्या तळावर एक सरळ फळी आडवी ठेवावी. बहुतेक सर्व दोष ही फळी सांगते.

फळी तळास सर्वत्र टेकली परंतु तिचा एक शेवट खालीं व एक वर असा उतार दिसला, तर दोष आडव्या पातळीचा आहे. उजव्या गजाची मूठ फिरवावी. उजवीकडे उतार असेल तर उजवा हात वर घ्यावा, डावीकडे असेल तर खालीं. याच्या उलट, प्रत्येक फाळाचा तळ आपापल्यापुरता सपाट आहे पण दोन फाळांमध्यें पायरी आहे, आणि म्हणून फळी हेलकावे खाते, असें आढळलें तर दोष टॉप लिंकेचा. पुढच्या फाळाचा तळ खोल असेल तर ती आखूड झालेली असते. तासाच्या तळाशीं मागच्या टांचेची पुसट खूण उमटली पाहिजे. खूण मुळींच नसेल तर नांगर नाकावर चालला आहे. ट्रॅक्टर जड ओढतो, धूर काढतो व चालक जमीनच कठीण आहे असें म्हणतो. खूण चकचकीत घांसलेली व खोल असेल तर टांच सगळा भार घेत आहे आणि टोंकें शिरत नाहींत.

वरून दिसणारें लक्षण हें कीं, एका फेरींतील सर्व फाळांची उलटलेली माती सारख्या उंचीची असावी. दर फेरीस एक उंच व एक बसका असा वरंबा आळीपाळीनें दिसूं लागला तर बांधावर बसून राहूं नये. उठून फळी लावावी. पण नुसत्या वरंब्यावरून कोणता आटा फिरवावयाचा तें कळत नाहीं, कारण वर सांगितलेल्या दोन्ही दोषांत वरंबे सारखेच दिसतात. येथेंच पुष्कळांची फसगत होते. मूठ फिरवून गुण येत नाहीं म्हणून टॉप लिंक, तिनें येत नाहीं म्हणून पुन्हां मूठ, असें करीत दुपार होते.

पातळी बसल्यावर खोलीचा प्रश्न उरतो, आणि तो दांडीचा आहे. नांगरटीस ड्राफ्टची दांडी वापरावी, पोझिशनची नव्हे. ड्राफ्टच्या दांडीवर नांगर असतां कठीण जागा लागली कीं तो आपोआप किंचित उचलला जातो व मऊ जागेंत पुन्हां उतरतो, त्यामुळें इंजिनावरचा भार सारखा राहतो. ज्या शेतांत अर्धी जमीन भारी व अर्धी मुरमाड आहे तेथें यामुळें खोलींत फरक पडेल. तेवढ्यापुरती दांडी पुढें-मागें करावी. आट्यांस हात लावूं नये. आणि वाफसा नसतां नांगर घातलाच असेल तर पातळी, खोली, फाळ यांची चर्चाच व्यर्थ आहे. ओल्या काळ्या जमिनीचीं ढेकळें विटेप्रमाणें वाळतात.

भाड्यानें नांगरून घेणाऱ्या बंधूंस येथें दोन शब्द अधिक सांगावेसे वाटतात. एकराच्या दरानें आलेल्या चालकास वेगाची घाई असते आणि उथळ नांगरट त्याच्या सोयीची असते; तासाच्या दरानें आलेल्यास ती नसते, पण पातळीची काळजी दोघांसही सारखीच कमी. शेत आपलें, माती आपली, मग चालकास "अहो, जरा नांगर उचला, फळी लावून पाहूं" एवढें म्हणावयास संकोच कशाचा? चांगला चालक यानें रागावत नाहीं. जो रागावतो त्याच्याकडून तरी अवश्य तपासून घ्यावें. दर ठरवितांनाच खोली किती व ती कोठें मोजावयाची हें बोलून ठेवावें. खोली न नांगरलेल्या जमिनीच्या पृष्ठापासून तासाच्या तळापर्यंत मोजावयाची असते; फुगलेल्या ढेकळांवरून मोजली तर तीन-चार इंच उगीचच अधिक भरतात, आणि चालक नेमकी तेथूनच मोजून दाखवितो.

एका अंगास माती टाकणाऱ्या नांगराचा आणखी एक दोष पातळीनें जात नाहीं. शेताच्या मध्यावर किंवा कडेस त्याचें शेवटचें तास उघडें राहतें, आणि दरवर्षीं त्याच ठिकाणाहून आरंभ केल्यास तेथें नाला पडतो. लेखाच्या आरंभीं सांगितलेल्या पाण्याच्या पट्ट्यांपैकीं सर्वांत रुंद पट्टे यांचेच असतात. माती सतत बाहेरच्या अंगास टाकीत गेल्यास बांधाशीं ती चढते व शेत मध्यें बशीसारखें होतें. बांधाच्या कित्येक तंट्यांत "शेजाऱ्यानें बांध कोरला" या तक्रारीबरोबर "माझी माती त्याच्याकडे गेली" हीही तक्रार असते, आणि दुसरीचें मूळ पुष्कळदां स्वतःच्याच नांगरांत सांपडतें. म्हणून आरंभाची जागा दरवर्षीं बदलावी व एक वर्ष माती आंत, एक वर्ष बाहेर अशी टाकावी.

पलटी नांगरानें ही अडचण दूर होते, कारण जातां-येतां माती एकाच दिशेस पडते व उघडें तास फक्त कडेस राहतें. उताराच्या जमिनींत तर माती चढाकडे टाकतां येते, हा मोठाच लाभ आहे. परंतु त्याची पातळी साधण्याची रीत निराळी आहे. त्यांत एकदां उजवें व एकदां डावें चाक तासांत जातें, म्हणून दोन्ही उभे गज पिनेपासून पिनेपर्यंत मोजून अगदीं समान लांबीचे ठेवावे व त्यांस पुन्हां हात लावूं नये. आडवी पातळी नांगराच्याच मानेवर असलेल्या दोन अडकणीच्या स्क्रूंनीं, प्रत्येक बाजूची स्वतंत्र, साधावी: एकदां डाव्या चाकांखालीं फळ्या देऊन, एकदां उजव्या. एक बाजू बरोबर आली म्हणजे दुसरीही आलीच असेल असें धरून चालूं नये.

रोटाव्हेटरविषयीं थोडक्यांत. त्याच्या कामांत चारही चाकें सारख्या जमिनीवर असतात, म्हणून फळ्यांची गरज नाहीं. सपाट ओट्यावर तो आडवा समपातळींत ठेवावा, दोन्ही बाजूंच्या खोली ठरविणाऱ्या पट्ट्या एकाच क्रमांकाच्या भोंकांत बसवाव्या, आणि टॉप लिंक अशी ठेवावी कीं फिरणारा दांडा कामाच्या वेळीं शक्य तितका सरळ राहील. साखळ्या येथें आवळलेल्या असाव्या. वळतांना फार उंच उचलल्यास तो दांडा वांकड्या कोनांत फिरून सांधे तुटतात. दांडा फिरत असतां कोणताही आटा फिरवूं नये. कितीही घाई असली तरी इंजिन बंद करूनच जवळ जावें. दरवर्षीं नुसता रोटाव्हेटर मारून भागविणाऱ्यांच्या शेतांत चार-पांच इंचांखालीं कठीण थर बसतो; तो फोडण्यासाठीं दोन-तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट हवीच.

एकदां पातळी बसली म्हणजे उजव्या गजाचे व टॉप लिंकेचे बाहेर दिसणारे आटे मोजून तो आंकडा, नांगराची खोली व चाकांतील हवा यांसह वहींत टिपून ठेवावा, आणि आट्यांवर रंगाची खूण करावी. ट्रॅक्टरला मधल्या काळांत ट्रॉली, पेरणीयंत्र, रोटाव्हेटर असें पुष्कळ कांहीं जोडलें जातें व आटे हलतातच; वहींतील आंकडा असला म्हणजे पुढच्या वर्षीं ओट्यावरचें निम्में काम आधींच झालेलें असतें. नांगर ठेवून देतांना माती उलटविणाऱ्या पत्र्यास व फाळांस जुनें इंजिन-तेल लावून छपराखालीं फळीवर ठेवावा. गंजलेल्या पत्र्यास माती चिकटते, आणि चिकटलेल्या मातीचा भार पातळींत असलेल्या नांगरासही एका अंगास ओढतो.